खड्ड्यात ठक-ठक आणि स्टीअरिंग सरळ होत नाही: रॅक बदलण्याआधी काय काय तपासावं?

कोलशेतकर

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०४, १,१८,००० किमी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई), स्टीअरिंग इलेक्ट्रिक. रोजची धाव कोलशेत ते महापे, कळवा-विटावा मार्गे.

तक्रारी तीन. पेव्हर ब्लॉकवर २०-२५ च्या वेगात पुढून डावीकडे कट-कट वाजतं, मोठ्या खड्ड्यात मात्र एकच जड 'धप्'. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप मध्यावर येत नाही, हाताने आणावं लागतं. आणि डावा पुढचा टायर आतल्या कडेने खाल्ला जातोय.

आत्तापर्यंत झालेलं काम: सात महिन्यांपूर्वी दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) नवे, त्याच वेळी 'रॅक टाइट' (रॅक म्हणजे स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारी दातेरी दांडी), त्यानंतर अलाइनमेंट दोनदा. आता गॅरेजमधून पूर्ण रॅक बदलायचा सल्ला आहे. त्याआधी काय तपासून घ्यावं?

ऐरोलीकर

रॅकला इतक्यात हात लावू नका. लिंक रॉड पाहिलेत का?

तेरा_चौदाचा_पाना

कोलशेतकर, तुम्ही दोन आवाज वेगळे लिहिलेत, त्याचा फार उपयोग होईल. बारीक कट-कट आणि जड धप् हे बहुतेक वेळा दोन वेगळे बिघाड असतात. एकच समजून शोधत बसलं की भलताच पार्ट बदलला जातो.

आधी कट-कट. छोट्या, लागोपाठच्या उंचवट्यांवर वाजणारा हलका आवाज म्हणजे पहिला संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर. स्टॅबिलायझर म्हणजे वळणावर गाडी झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा आडवा दांडा, आणि लिंक रॉड त्याचं टोक सस्पेन्शनला जोडतो. त्याच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. रबरी टोपी फाटली की पाणी आणि वाळू आत जाते, ग्रीस काळं होऊन बाहेर येतं आणि गोळा वाटीत खुळखुळायला लागतो. तपासताना एक चूक सर्रास होते. एकच चाक जॅकवर उचलतात आणि रॉड हलवून पाहतात. एक बाजू वर, एक खाली असली की स्टॅबिलायझरला पीळ बसतो, रॉड ताणला जातो आणि प्ले (जोडातली ढिलाई) दबून राहतो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवा, नाहीतर दोन्ही लटकती ठेवा, मग रॉड मुठीत धरून जोरात हलवा. चांगला रॉड फिरतो, पण टकटकत नाही.

तरीही खात्री वाटत नसेल तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून त्याच पेव्हर ब्लॉकवरून १५-२० च्या वेगात एक फेरी मारा. आवाज गेला तर दोषी सापडला. रॉड नसताना वळणावर गाडी जास्त झुकते, त्यामुळे ही फेरी गल्लीतच. तशी गाडी घोडबंदरला काढू नका.

स्टॅबिलायझर सबफ्रेमला जिथे धरलेला असतो तिथलं डी आकाराचं रबरही बघा. दांडा आणि रबर यांत नख शिरलं तर रबर गेलं. काही जुन्या लहान गाड्यांत वेगळा लिंक रॉड नसतोच, स्टॅबिलायझरचं टोक थेट लोअर आर्ममधून जातं. तिथे त्या टोकाच्या बुशांवर (जोडातल्या रबरी अस्तरांवर) लक्ष द्यायचं.

कळवा_नाका

जॅकवर चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, म्हणजे वर-खाली धरून हलवायचं. हललं की बॉल जॉइंट गेला. दोन मिनिटांचं काम आहे.

तेरा_चौदाचा_पाना

कळवा_नाका, तेवढ्यावरून बॉल जॉइंट म्हणता येत नाही. व्हील बेअरिंग ढिली असली तरी चाक १२-६ ला तसंच हलतं. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रट-नकलचे बोल्ट (नकल म्हणजे चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग). बेअरिंगची आणखी एक खूण: वेगात 'हूं' असा घुमणारा आवाज येतो आणि उजवीकडे वळताना वाढतो, कारण भार डाव्या चाकावर जातो. मग डावी बेअरिंग बघायची. डावीकडे वळताना वाढला तर उजवी.

९ आणि ३ ला धरून हलवल्यावर प्ले असेल तर टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचा बाहेरचा जोड), नाहीतर त्याच दांड्याचा आतला जोड, रॅक एंड. रॅक एंड रबरी बूटच्या आत दडलेला असतो, दिसत नाही. बूट बाहेरून चिमटीत दाबा, आतला गोळा बोटांना लागतो. दुसऱ्याने चाक हलवलं की तिथला 'टिक' बोटाला स्पष्ट कळतो.

बॉल जॉइंटसाठी गाडी बॉडीच्या जॅकिंग पॉइंटवर उचला, घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, चाक लटकू द्या. मॅकफर्सनमध्ये स्प्रिंगचा भार स्ट्रटवर असतो, खालच्या बॉल जॉइंटवर नाही. चाकाखाली लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून हळूच वर उचकटा. आर्म आणि नकल यांच्यात उभी हालचाल दिसली तर बॉल जॉइंट बदला, वाट बघू नका. तो निखळला तर चाक आडवं पडतं.

नुसत्या जॅकवर गाडी असताना कुणीही खाली जायचं नाही. घोडी लावलेली हवीच, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे.

उपवन

जॅकशिवायची चाचणी आधी करा, ती सगळ्यांत जास्त सांगते. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. दुसऱ्याने स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, झटक्यात हलवत राहायचं, पूर्ण वळवायचं नाही. तुम्ही एकेका जोडावर बोटं ठेवत जा: टाय रॉड एंड, रॅक एंडचा बूट, रॅकची ब्रॅकेटं, केबिनमध्ये पेडलच्या वरचा स्टीअरिंग शाफ्टचा यूजे (युनिव्हर्सल जॉइंट, शाफ्ट कोनात वळतो तिथला जोड). जोडाचे दोन भाग एकत्र हलले पाहिजेत. एक हलला आणि दुसरा क्षणभर मागे राहिला तर प्ले तिथेच आहे. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटांना कळतो.

कोलशेतकर

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे सगळं केलं. डावा लिंक रॉड खालच्या टोकाला खुळखुळतोय, टोपी फाटून ग्रीस बाहेर आलंय. उजवा ठीक. १२-६ आणि ९-३ दोन्हीकडे प्ले नाही. टाय रॉड एंड घट्ट, यूजे घट्ट.

म्हणजे कट-कट सापडली. 'धप्' आणि स्टीअरिंगचं काय?

तेरा_चौदाचा_पाना

लिंक रॉड दोन्ही बाजूंचे बदला. स्वस्त पार्ट आहे आणि दुसराही तितकेच किलोमीटर चाललाय.

आता धप्. लोअर आर्म सात महिन्यांपूर्वी नवे घातलेत, म्हणून त्यांना निर्दोष धरू नका. माझा संशय उलट तिथेच आहे. आर्मचा पुढचा बुश, ज्यातून आडवा बोल्ट जातो, तो टॉर्च मारून बघा. आतली लोखंडी नळी आणि बाहेरची कडी यांच्यामधल्या रबरला अर्धगोल चीर दिसते का? ब्रेक मारताना किंवा पहिल्या गिअरमध्ये उठताना एकदाच धप् होतं का?

कोलशेतकर

होतं. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून गाडी हलली की एकदा होतं. आणि डाव्या बुशला चीर आहे, साधारण अर्ध्या घेरात. नवा बुश सात महिन्यांत कसा फाटतो?

तेरा_चौदाचा_पाना

बोल्ट चाक लटकलेलं असताना आवळला असणार. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, नवे बुश लवकर जाण्याचं मला सर्वांत जास्त दिसणारं कारण हेच आहे.

हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला आवळून जागच्या जागी पक्की होते. बाहेरची कडी आर्मबरोबर वर-खाली होते. मधलं रबर दोघांना चिकटलेलं असतं आणि फक्त पिळवटून हालचाल सोसतं. त्यामुळे बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असेल, तीच त्या रबरची विश्रांतीची जागा ठरते.

गाडी लिफ्टवर असली की चाक लटकतं. आर्म ३३ सेंमीचा धरा आणि चाक नेहमीच्या जागेपासून ८ सेंमी खाली आलेलं. आर्म साधारण १४ अंश खाली झुकलेला असतो. तिथे बोल्ट आवळला आणि गाडी खाली टेकवली की रबर उभ्या गाडीतच १४ अंश पिळलेलं. सिग्नलला थांबलं तरी पिळलेलं, रात्रभर पार्किंगमध्येही पिळलेलं. वर गायमुख घाटातल्या खड्ड्यात चाक आणखी वर आपटलं की तेवढीच भर पडते. रबर आतल्या नळीपासून सुटत जातं, चीर घेरभर फिरते, मग ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो आणि धप् वाजतो. आर्म सरकला की टो (वरून पाहिलं तर चाकं पुढे किती आत-बाहेर वळलीत तो कोन) बदलतो, म्हणून टायर कडेने झिजतो. दोनदा अलाइनमेंट करूनही फरक पडला नाही तो यामुळेच. मशिनवर गाडी उभी असते, ब्रेक मारत नसते.

बरोबर पद्धत अशी.

काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर असताना, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. प्रत्येक बाजूचं वेगळं. आर्म बसवताना बुशचे बोल्ट नुसते हाताने घट्ट करा. मग गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून सोडा, आणि पिटमध्ये किंवा रॅम्पवर चढवून शेवटचा टॉर्क (मोजून आवळण्याचा जोर) द्या. पिट नसेल तर बॉल जॉइंटच्या खाली जॅक लावून चाक वर उचला आणि टेपवर तेच अंतर आलं की तिथे आवळा. टॉर्कचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या.

एल आकाराच्या आर्ममध्ये मागचा बुश बऱ्याचदा उभ्या बोल्टवर असतो. त्याला हा कोनाचा प्रश्न येत नाही. पण ब्रेकचा मार तो जास्त खातो, तोही बघून घ्या. मागच्या टॉर्शन बीमच्या बुशांना मात्र हाच नियम, तेही गाडी चाकांवर असतानाच आवळायचे.

नेरुळकर_ताई

हे आम्हाला कुणीच सांगत नाही. गॅरेजमध्ये उभं राहून नेमकं काय विचारायचं?

तेरा_चौदाचा_पाना

ताई, एकच वाक्य सांगा: "आर्मचे बुश बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळा, मी थांबते." चांगला मिस्त्री लगेच हो म्हणतो.

ऐरोलीकर

पॉलियुरेथेनचे बुश टाकले तर फाटण्याचा प्रश्नच मिटतो ना?

उपवन

फाटत नाहीत, पण ते टणक असतात. रस्त्याचा प्रत्येक दणका सबफ्रेममधून केबिनमध्ये येतो, आणि ग्रीस सुकलं की कुरकुरतात. आपल्या रस्त्यांवर रोजच्या वापरासाठी चांगल्या प्रतीचं रबरच बरं.

आणि पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल नाहीतर जुनं इंजिन ऑइल फवारून घेण्याची जी पद्धत आहे ती बंद करा. खनिज तेलाने साधं रबर फुगतं, मऊ पडतं. गंज थांबेल, पण बुश, डस्ट कव्हर आणि रॅकचे बूट तीनही जातील. खाडीच्या हवेत सबफ्रेमला गंज चढतो हे खरंच, त्यासाठी रबरी भाग झाकून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्या.

कोलशेतकर

बुशचं पटलं. आता स्टीअरिंग सरळ न होणं. टायरची हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे आहे.

उपवन

दोन्ही पुढची चाकं उचलून घोड्यांवर घ्या, इंजिन बंद, स्टीअरिंग लॉक उघडं. दोन बोटांनी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि कुठे जड लागतं ते बघा.

एका पूर्ण फेऱ्यात दोन ठिकाणी, समोरासमोर, जड लागत असेल तर शाफ्टचा यूजे गंजलाय. पाणी साचलेल्या रस्त्यांतून जाणाऱ्या गाड्यांत हे होतं, विटावा पुलाखालून रोज जात असाल तर जास्तच.

फिरवताना स्प्रिंग अडकून 'टण्' करून सुटत असेल तर स्ट्रटच्या वरची बेअरिंग. खात्रीसाठी स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला तळवा टेकवा, दुसऱ्याने स्टीअरिंग फिरवावं. बेअरिंग चांगली असेल तर स्प्रिंग गुळगुळीत फिरते, अडकली असेल तर पीळ साठतो आणि झटका तळव्याला लागतो. बोटं दोन वेढ्यांच्या मध्ये घालायची नाहीत.

मध्यावर हलकं आणि दोन्ही बाजूंना जड लागलं, तर तो 'रॅक टाइट' केल्याचा परिणाम.

कोलशेतकर

तिसरं. मध्यावर मोकळं, साधारण अर्धा फेरा गेल्यावर दोन्हीकडे सारखंच जड. दोन जागी अडकत नाही, स्प्रिंगही वाजत नाही.

उपवन

मग रॅकची हाऊसिंग बघा. पिनियनजवळ (स्टीअरिंग शाफ्टच्या टोकाचं, रॅकला फिरवणारं दातेरी चाक) एक मोठा स्क्रू आणि त्यावर लॉक नट असतो. आत स्प्रिंग आणि एक ठोकळा रॅकला पिनियनवर दाबून धरतो. गाडी जास्तीत जास्त वेळ सरळ धावते, म्हणून रॅकचे दात मध्यावरच जास्त झिजतात. मध्यावरचा प्ले घालवण्यासाठी स्क्रू आवळला की न झिजलेल्या बाजूच्या दातांवर दाब जास्त होतो. तिथे स्टीअरिंग धरून ठेवल्यासारखं होतं आणि चाकांचा कॅस्टर (वळणाच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, जो चाकं आपोआप सरळ करतो) त्याला मध्यावर आणू शकत नाही.

स्क्रूवर आत्ताची जागा पांढऱ्या रंगाने खूण करा. लॉक नट सैल करा, स्क्रू एक अष्टमांश फेरा उलटा, लॉक नट आवळा, पुन्हा दोन बोटांनी तपासा. गरज पडली तर आणखी एक अष्टमांश. सोडायची मर्यादा मात्र आहे. जास्त सोडला तर रॅक खडखडतो आणि दात उडी मारू शकतात. बाजूंना मोकळा झाल्यावर मध्यावर प्ले इतका उरला की गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, तर रॅक खरोखर झिजलाय आणि मग बदलणं योग्य. त्याआधी नाही.

नेरुळकर_ताई

माझा प्रश्न थोडा वेगळा. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग, गाडी १४ वर्षांची. सकाळी पार्किंगमधून काढताना जड लागतं आणि पूर्ण वळवलं की चीं आवाज येतो.

तेरा_चौदाचा_पाना

ताई, चीं असेल तर आधी पट्टा बघा: ताण कमी, चिरा, किंवा तेलकट झालेला. मग टाकीतली फ्लुइडची पातळी आणि रंग. काळपट आणि जळका वास म्हणजे बदलायची वेळ झाली. फेस दिसला तर सक्शनच्या पाइपमधून हवा शिरतेय, तिथला क्लॅम्प बघा. फ्लुइड टाकताना टाकीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच घ्या. होंडाच्या गाडीत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं फ्लुइड) ओतू नका, त्यांचं वेगळं पॉवर स्टीअरिंग फ्लुइड असतं.

हवा काढताना पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत १०-१५ वेळा सावकाश फिरवा. मध्ये मध्ये पातळी भरत राहा आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करा. पूर्ण टोकाला स्टीअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, पंप तापतो.

कळवा_नाका

गाडी डावीकडे ओढली जात असेल तर सरळ अलाइनमेंटच ना?

ऐरोलीकर

आधी हवा मोजा. मग पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असे बदलू नका. ठाणे-बेलापूर रोडवर १०-१५ मिनिटं चालवून रिमजवळ हात न्या, एक बाजू जास्त तापली असेल तर ब्रेकचा कॅलिपर अडकतोय. आपल्याकडे रस्त्याचा उतार बहुतेक डाव्या कडेला असतो, त्यामुळे डावीकडे किंचित कल साहजिक आहे. हे सगळं बघून झाल्यावर अलाइनमेंट.

टायरही वाचायला शिका. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त. तळवा आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय. ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप कमजोर, किंवा बॅलन्सिंग. ८०-१०० ला स्टीअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम, फक्त ब्रेक मारताना थरथरलं तर डिस्क.

उपवन

शॉकअपच्या बाहेर तेलाचा नुसता पातळ थर असेल तर घाबरू नका. ओघळ आला असेल तर बदला, आणि एका अॅक्सलचे दोन्ही बदला. वरचं माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर त्याच वेळी नवं, नाहीतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दोन्ही बाजूंनी सारखी दाबून, ती वरच्या प्लेटपासून सुटी झाल्यावरच मधला नट खोलायचा. त्याआधी खोलला तर स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. कॉम्प्रेसर नसेल तर हे काम घरी करूच नका. स्ट्रट सुटा केला की नकल ब्रेकच्या होज पाइपवर लटकवू नका, तारेने बांधा.

अलाइनमेंटवाल्याकडून एक गोष्ट अजिबात करून घेऊ नका. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅम्बरला (समोरून पाहिलं तर चाक किती तिरपं आहे तो कोन) सेटिंग नसतं. आकडा येत नाही म्हणून हायड्रॉलिक जॅकने स्ट्रट किंवा नकल वाकवून तो आणून देतात. एका बाजूचा कॅम्बर चुकलाय म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय: आर्म, स्ट्रट, नकल, सबफ्रेम. तो पार्ट शोधायचा. चांगला स्ट्रट वाकवला तर आतला दांडा एका बाजूने घासतो आणि सील जातं.

कोलशेतकर

अपडेट. गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये पिटवर घेतली. डाव्या आर्मचा बोल्ट गाडी चाकांवर असताना सैल केला, तेव्हा बुशची आतली नळी 'टक्' करून आपल्या जागी फिरली. उजव्या बाजूलाही तेच झालं, त्या बुशला अजून चीर नाही. डाव्या आर्ममध्ये नवा बुश प्रेसवर बसवला. बोल्ट हाताने लावून, गाडी उतरवून, मॅन्युअलच्या टॉर्कला आवळले. लिंक रॉड दोन्ही नवे. रॅकचा स्क्रू एकूण एक चतुर्थांश फेरा सोडला.

कट-कट आणि धप् दोन्ही बंद. स्टीअरिंग परत येतंय, मध्यावर प्ले नगण्य. डावा टाय रॉड एंड सध्या घट्ट आहे, पण त्याची टोपी फाटलीय. अलाइनमेंट आधी करू की तो आधी बदलू?

तेरा_चौदाचा_पाना

तो आधी. टाय रॉड एंड बदलला की टो हलतोच. लॉक नटची जागा रंगाने खूण करा आणि जुना काढताना फेरे मोजा, नवा तेवढेच फेरे घाला. आट्याची पिच सव्वा मिमी आणि स्टीअरिंग आर्म साडेबारा सेंमीचा धरला, तर एका फेऱ्याच्या चुकीने १३ इंची रिमच्या कडांमध्ये सव्वातीन मिमी फरक पडतो. गॅरेजपासून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जायला ही खूण पुरते, तेवढ्यावर महिनाभर चालवू नका.

टेपर (नकलच्या भोकात घट्ट बसलेली निमुळती पिन) सुटत नसेल तर पिनच्या टोकावर हातोडी मारू नका, आटे बसतात. नकलच्या डोळ्यावर बाजूने दोन-तीन ठोके मारा, सुटेल. नवा बसवताना नट टॉर्कला आवळून स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर आणखी थोडा आवळून जुळवा, मागे फिरवून नाही. स्प्लिट पिन नवीच घाला.

अलाइनमेंटला जाताना टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी, आणि मशिनवर घेण्याआधी गाडी दोन-तीनदा दाबून सोडायला सांगा. प्रिंट घ्या आणि डाव्या-उजव्याचे आकडे शेजारी ठेवून बघा. साधारण १०० किमीनंतर चाकांचे नट आणि लिंक रॉडचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. उजव्या आर्मचा बुशही सात महिने पिळलेला होता, त्याच वेळी टॉर्च मारून त्याच्याकडे बघा.